परसातला रिकामा वाफा

१

पन्नालाल सेठ गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांच्या सुनेनं परसातला मेथी-पालकाचा अख्खा वाफा उपटून टाकला, आणि फैजपुरातली कुजबुज सुरू झाली ती तिथून. मरणाचं नवल त्या वर्षी कुणालाच उरलं नव्हतं. कोरोनानं गल्लीगल्लीतून माणसं नेली होती. पण सेठ छाजेडांच्या जैन घरात मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालतात, झाडाचं पान उगाच तोडत नाहीत. त्या घरातली सून सुतकात पदर खोचून हिरवी रोपं मुळासकट ओढते म्हणजे काय?

धुळ्याला दिलेली लेक मयुरी वडलांसाठी आली होती. तिनं वरच्या खिडकीतून हे पाहिलं. भावजयीबद्दल तिच्या मनात आधीच अढी होती, तिला आता आयतंच निमित्त सापडलं.

"हिनं तिथं काहीतरी पुरलंय," ती भावाला म्हणाली.

वाफा हातभर खोल खणून झाला. निघालं काय, तर जुन्या पणतीचा तुकडा. पण संशयाचं असं असतं की काही सापडलं तरी तो वाढतो, आणि नाही सापडलं तर दुप्पट वाढतो. आठवडा उलटायच्या आत मयुरी जळगावच्या औषध प्रशासनाच्या कार्यालयात दिपमाला भंगाळेंसमोर बसली होती आणि तिच्या मुठीत गोळ्यांची अर्धी पट्टी होती.

"मॅडम, ह्या गोळ्या खोट्या आहेत. नाहीतर कुणीतरी बदलल्यात. माझे बाबूजी मेले नाहीत, मारलेत त्यांना."

२

दिपमाला भंगाळे ही औषध निरीक्षक बाई पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलेली. खुर्चीत स्वस्थ बसणं तिला ठाऊक नव्हतं. ऐकतानाही ती खिडकीपाशी जायची, टेबलावरचा पेपरवेट फिरवायची, परत यायची. समोरच्याला वाटायचं बाईंचं लक्ष नाही. ती मात्र कानात प्राण आणून ऐकत असायची.

मयुरीनं सांगितलं ते असं. एप्रिलातल्या लाटेत बाबूजींना कोरोना झाला. ताप उतरला, घरी आले, सगळ्यांनी देवाचे आभार मानले, आणि आठवड्याभरात धाप लागून पुन्हा जळगावला न्यावं लागलं. फुफ्फुसात रक्ताची गुठळी होती. डॉक्टर म्हणाले, ह्या रोगाची एक खोड अशी की काहींचं रक्त तो गोठायला लावतो. ताप जातो, पण ती खोड मागे राहते. पायात, फुफ्फुसात, मेंदूत, कुठंही गुठळी अडकू शकते. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी, रोज एक, निदान वर्षभर. महिन्याला तपासणी. गोळी कमी पडली तर रक्त गोठणार, जास्त झाली तर वाहणार.

"आणि तपासण्या?"

"सगळ्या चोख. चार महिने काटा जागचा हलला नाही. पुढची आठवड्यावर आली होती. त्या दिवशी सकाळी जैन स्थानकातून सामायिक, म्हणजे रोजचं ध्यान, करून आले, पायरीवर बसले, छाती धरली. जळगावपर्यंत होते. नंतर डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल बघितला आणि..." तिनं मुठीतली पट्टी टेबलावर ठेवली. "म्हणाले, ह्यांनी गोळी घेतलीच नाही असं रक्त आहे."

दिपमालाचा पेपरवेट थांबला. "अजून काही विचारलं त्यांनी?"

"बाहेरचं काही खाल्लं का, औषध बदललं का. मी म्हटलं, आमच्याकडे बाहेरचं पाणी चालत नाही. घरचं, आईच्या हातचं. गोळ्या मात्र भाभीच्या ताब्यात. ती औषधांचं शिकलीय, शिरपूरच्या कॉलेजात. डबी तीच भरते. आणि बाबूजींशी तिचा महिनाभर वाद चालला होता. हिला छगनच्या मेडिकलमध्ये कामाला जायचं होतं, बाबूजी नाही म्हणाले." मयुरी उठली. "येत्या रविवारी आमची माणसं बसणार आहेत. तोवर तुमच्याकडून काही कळलं नाही तर आम्ही पोलिसात जाऊ, आणि भाभी माहेरी शिरपूरला जाईल. एकटी."

"एकटी म्हणजे?"

"संयम आमचा आहे. दोन वर्षांचं पोर अशा बाईजवळ ठेवायचं का?"

मयुरी गेली, पण ते शेवटचं वाक्य काही दिपमालाच्या डोक्यातून जाईना. पट्टी पाकिटात घालून तिनं प्रयोगशाळेकडे रवाना केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ड्रायव्हरला हाक मारली.

३

ड्रायव्हर पंडितभाऊ मूळचे शिरपूरकडचे. अर्धं आयुष्य जळगावात गेलं तरी त्यांच्या तोंडची अहिराणी काही सुटली नव्हती. केळीच्या बागांमधून गाडी फैजपूरला पोचेस्तोवर त्यांनी सगळी हकिगत बाईंकडून काढून घेतली आणि निकालही दिला.

"ताई, मेडिकलवालानी गडबड शे. दुसरं काय?"

छगनचं मेडिकल छाजेडांच्या भांड्यांच्या दुकानासमोरच होतं. साहेबबाईंना बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण गोळ्यांचा साठा त्यानं न मागता पुढं ठेवला. तीच कंपनी, तीच ताकद, पाकिटं सीलबंद. दिपमालानं त्यातले नमुनेही घेतले.

"मॅडम, गावात माझे हेच बारा-पंधरा पेशंट आहेत ह्या गोळीवर. सगळे ठणठणीत. खोटी असती तर एकटे सेठच कसे गेले?"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून दिपमालाला तो आवडला नाही. ती दुकानात दोन फेऱ्या मारून पुन्हा त्याच्यासमोर आली. तिच्या मनात दुसरंच होतं. ही गोळी सहसा रात्री घ्यायला सांगतात. आणि पन्नालाल सेठांसारखी व्रतस्थ माणसं सूर्य मावळला की अन्न सोडाच, पाण्याचा थेंबही घेत नाहीत. चौविहार म्हणतात त्याला. डॉक्टरनं रात्रीची गोळी दिली, सेठांनी लाजेकाजेस्तव हो म्हटलं आणि रोज ती गुपचूप टाकून दिली, असं तर नाही? मग ना कुणी बदलली, ना कुणी मारलं.

"सेठ रात्रीची गोळी घेत होते, असं तुम्हाला नक्की माहीत आहे?"

छगन हसला. भीती होती तरी हसला. "रात्रीची नाही मॅडम, दिवे लागायच्या आधीची. डॉक्टरांनाच विचारून त्यांनी वेळ बदलून घेतली होती. रोज पाचच्या सुमाराला घरून डबी आणि उकळलेल्या पाण्याचा तांब्या यायचा. गल्ल्यावर बसून घ्यायचे. मी इथून बघायचो. गोळी घेतली की जीभ काढून दाखवायचे मला, लहान पोरासारखी. 'बघ रे छगन, गिळली!'"

रस्ता ओलांडून दिपमाला समोरच्या दुकानात गेली. तरुण नावाचा सेठांचा मुलगा पितळी घागरींच्या उतरंडीमागे बसला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल. त्यानंही तेच सांगितलं, जिभेसकट.

"एक दिवस चुकला नाही. मी समोर असायचो." मग जरा घुटमळून म्हणाला, "छगन काय म्हणाला? आमचं दोघांचं बोलणं नाही. नगरपालिकेच्या निवडणुकीपासून."

एकमेकांशी न बोलणारी दोन माणसं एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती खरीच असते. दिपमालाचा चौविहाराचा तर्क जागच्या जागी कोसळला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. प्रयोगशाळेतल्या तिच्या मैत्रिणीनं तातडीनं काम उरकलं होतं. पट्टीतल्या गोळ्या अस्सल होत्या, ताकदही पुरेपूर.

गोळी खरी. रोज पोटात गेलेली. आणि रक्त मात्र असं, जणू गोळी कधी पाहिलीच नाही.

४

छाजेडांच्या बैठकीत पांढऱ्या चादरीवर प्रेमकुंवरबाई बसल्या होत्या. सेठांची बायको. लहानखुरी, ताठ, डोळ्यांतलं पाणी आटलेलं. नातू संयम त्यांच्या मांडीवर झोपला होता. शेजारी मयुरी, आणि दाराशी उभी असलेली सून चेलना. ती कुणाकडेही बघत नव्हती.

"विचारा बेटा, काय विचारायचं ते," प्रेमकुंवरबाई म्हणाल्या. "पण माझं ऐका. त्यांना मी मरणाच्या दारातून परत आणलं होतं. उठवत नव्हतं त्यांना. चार महिने नुसतं मूग, मंगोडी, गट्टे, पापड. कोरडं खाऊन तोंड सुकलं होतं त्यांचं. मग शेवटी शेवटी पोटभर जेवले. माझ्या हातचं मागून मागून खाल्लं. एवढंच एक समाधान आहे मला. त्या समाधानावर दिवस काढते मी."

हे ऐकताना दिपमालाला बसवेना. ती उठून खिडकीशी गेली. खाली परसात विहिरीजवळ काळ्या मातीचा चौकोन उघडा पडला होता.

"तो वाफा का उपटला?" तिनं वळून थेट चेलनाला विचारलं.

चेलनाचा हात चौकटीवर घट्ट झाला. "मीच उपटला."

"ते ठाऊक आहे. का?"

"चूक माझी आहे, मॅडम. बाबूजी माझ्या चुकीनं गेले. तुम्ही तसं लिहून घ्या. मी सही करते."

"बघा!" मयुरी ताडकन उठली. "स्वतःच्या तोंडानं सांगतेय!"

"कोणती चूक?" दिपमालानं विचारलं. "गोळी तुम्ही बरोबर दिली. गोळी खरी होती. मग चूक कुठली?"

चेलनानं ओठ मिटले ते मिटलेच. पण दिपमालाच्या नजरेतून एक गोष्ट सुटली नाही. तोंड मिटताना सुनेनं पाहिलं ते सासूकडे. त्या नजरेत धाक अजिबात नव्हता. आजारी माणसाच्या अंगावर पांघरूण घालताना आपण बघतो, तशी ती बघत होती.

गाडीत बसल्यावर पंडितभाऊंनी काच खाली केली. ते मघाशी पाणी प्यायला ओसरीपर्यंत आले होते.

"ताई, त्या पोरना डोयामा देखं मी. ती खोटं नही बोलस. पन बठ्ठं खरंबी नही सांगस."

"कुणासाठी लपवतेय पंडितभाऊ? नवऱ्यासाठी?"

"नवरासाठे बाई असं नही करत," पंडितभाऊ म्हणाले आणि गाडी चालू केली. हे ज्ञान त्यांना कुठून मिळालं ते दिपमालानं विचारलं नाही.

५

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी बैठक. दिपमाला सकाळपासून कार्यालयात येरझाऱ्या घालत होती. चहा पुढ्यात निवला. डोळ्यांसमोर तो काळा चौकोन हलेना. सगळ्यांनी तिथं खणून पाहिलं. काय पुरलं ते शोधलं. आणि अचानक तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. पुरलं काय ते जो तो शोधत होता, पण उपटलं त्याचं काय झालं, हे एकानंही विचारलं नव्हतं!

तिनं तरुणला फोन लावला.

"उपटलेली भाजी?" तो गोंधळला. "ती... भागाबाईला दिली वाटतं. भाजीवाली. आमच्या दारावर येते."

तासाभरात गाडी फैजपूरच्या बाजाराच्या कडेला उभी होती. भागाबाई गोणपाटावर वांगी मांडून बसली होती. भरताची वांगी, ह्या दिवसांत खानदेशात त्याशिवाय दुसरं दिसतच नाही. औषध निरीक्षक म्हणजे काय ते तिला कळलं नाही, पण शेठांच्या घरचं विचारतेय म्हटल्यावर ती सरसावून बसली.

"हो, म्यांच नेली. सूनबाईनं मागच्या दारी बोलावलं. म्हने, मावशी, हे समदं तुह्या बकऱ्यायले घाल, अन् आता आमच्या दारात हिरवी भाजी घिऊन येऊ नको. सासूबाईले काही सांगू नको म्हने. लय रडत होती लेकरू. मले वाटलं सुतक हाये म्हनून."

"आणि बकऱ्या?"

"बकऱ्यायले काय होते बाई? चारच्या चार गोठ्यात उभ्या हायेत. चांगली कवळी मेथी, अधाशासारखी खाल्ली."

म्हणजे विष नव्हतं. दिपमाला वैतागून उठणार, इतक्यात भागाबाई वांग्यावरची माती पुसत पुढं बोलली.

"माह्यं मात्र नुकसान झालं. चार महिने ते गिऱ्हाईक बंदच राह्यते. मारवाडी लोकायचा चातुर्मास. हिरव्या पाल्याले हात नी लावत. लिलोतरी म्हनतात ते. मंग कार्तिकातली पुनव झाली का सेठाणीबाई रोज बोलावते. अवंदा त भलतंच. परसातलं पुरत नी म्हनून माह्याकडून आनखी दोन-दोन जुड्या. सेठाच्या अंगात रक्त भरलं पाहिजे म्हने. सकाळी पालकाचा रस, दुपारी मेथी, चारले मेथीचे ठेपले. रसाचं त धुळ्याच्या ताईनं फोनवर सांगलं होतं."

दिपमाला तिथंच, बाजाराच्या कडेला, मटकन खाली बसली. पंडितभाऊ गाडीतून धावत आले.

"काय व्हयनं ताई? चक्कर उनी का?"

"नाही," ती म्हणाली. "आता कुठं डोळे उघडलेत माझे."

६

छाजेडांकडे पुढच्या दारानं न जाता ती परसातून गेली. चेलना विहिरीच्या कठड्याशी कपडे पिळत होती. दिपमाला येऊन मागच्या पायरीवर बसली. स्वयंपाकघराची खिडकी तिच्या डोक्यावर उघडी होती. घाईत तिनं ते पाहिलं नाही.

"मेथी बकऱ्यांनी खाल्ली. त्यांना काही झालं नाही," ती हळूच म्हणाली. "त्यांना झालं नसतंच. त्या काही रक्त पातळ करायची गोळी घेत नाहीत."

चेलनाच्या हातातलं ओलं कापड बादलीत पडलं.

"सांगू मी? चुकले तर सांगा," दिपमाला म्हणाली. "तुम्ही शिकलात तेच मीही शिकले. ही गोळी रक्त गोठवणाऱ्या एका जीवनसत्त्वाला अडवून काम करते. ते जीवनसत्त्व हिरव्या पाल्यात ठासून भरलेलं असतं. आषाढात चातुर्मास लागला, सेठांनी लिलोतरी सोडली. कोरड्या जेवणावर थोडी गोळीही पुरली. डॉक्टरांनी तपासून तपासून गोळीचं माप बसवलं ते त्या चातुर्मासाच्या ताटावर. चार महिने काटा हलला नाही, कारण ताट हललं नाही. मग पुनव झाली. गोळी तेवढीच राहिली आणि ताट हिरवंगार झालं. तीन वेळा. तीन आठवडे. गोळी रोज पोटात जात होती आणि रोज हरत होती. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही खाल्लं का? मयुरीताई म्हणाल्या, घरचंच. खोटं कुठं होतं त्यात?"

चेलना रडत नव्हती. तिचं रडून झालं असावं.

"मला दवाखान्यातच कळलं," ती म्हणाली. "तो अहवाल हातात आला आणि पायाखालची जमीन सरकली. परीक्षेत ह्यावरचा प्रश्न सोडवलाय मी, मॅडम. पूर्ण गुण मिळाले होते. आणि घरात तो रस मीच गाळून देत होते. आमच्या घरात चातुर्मास सुटणं म्हणजे आनंद. औषधाशी त्याचा संबंध आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना एक फोन करायचा होता. एक फोन."

"आणि वाफा?"

"पाहुणे येणार होते. त्यात मामेसासरे डॉक्टर आहेत. परसात आले असते, एवढी भाजी बघून त्यांनी विचारलं असतं, आणि मांजींना कळलं असतं." तिनं हात जोडले. "तुम्ही त्यांचं बोलणं ऐकलंत ना? पोटभर जेवले, माझ्या हातचं जेवले. त्यांच्याजवळ तेवढंच उरलंय. तेही काढून घेऊ? मी शिरपूरला जाईन. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"आणि संयम?"

ह्यावर मात्र तिचा बांध फुटला. कठड्यावर कपाळ टेकून ती हुंदके देऊ लागली. त्याच वेळी वर स्वयंपाकघरात वाटी पडल्याचा आवाज झाला. फरशीवर गरगर फिरून ती थांबली. दोघींनी दचकून वर पाहिलं. खिडकीत कुणी नव्हतं.

७

रविवारी सकाळी बैठकीच्या आधी दिपमालानं मयुरीला गाडीत बसवलं आणि पंडितभाऊंना चहाला पिटाळलं. रात्रभर तिला झोप नव्हती. एका बाजूला खरं सांगणं तिचं काम होतं, दुसऱ्या बाजूला एका म्हातारीचं उरलंसुरलं समाधान. पण एका आईपासून तिचं पोर तुटू द्यायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

तिनं मयुरीला सगळं सांगितलं. आधी मयुरीच्या चेहऱ्यावर अविश्वास होता, मग राग, मग काहीच नाही.

"पालकाचा रस," ती म्हणाली. "तो मी सांगितला होता. धुळ्याहून रोज फोन करून विचारायचे, दिला का म्हणून."

"तुम्ही सांगितला, आईनं प्रेमानं रांधलं, भाभीनं गाळून दिला, सेठ मिटक्या मारत प्यायले. आता तुम्हीच सांगा, पोलिसात नाव कुणाचं द्यायचं?"

मयुरी तोंडात पदर कोंबून रडली. वडील गेल्यापासून ती पहिल्यांदाच अशी रडली असावी; तोवर तिला रागानंच सावरून धरलं होतं.

"भाभीला सगळं माहीत होतं? तरी गप्प बसली?"

"तुमच्या आईसाठी."

बैठकीत माणसं दाटून बसली होती. दिपमालानं उभं राहूनच सांगितलं. गोळ्या अस्सल आहेत, मेडिकलवाल्याचा दोष नाही, गोळी रोज दिली आणि रोज घेतली गेली. कोरोनानं सेठांच्या रक्ताला जी खोड लावली होती ती गेलेली नव्हती, आणि शेवटच्या दिवसांत गोळी तिला पुरी पडली नाही. कुणाचंही वाईट कृत्य ह्यात नाही. ह्यातला एकही शब्द खोटा नव्हता. अर्धा घास मात्र तिनं गिळला होता.

"माझी तक्रार मी मागे घेते," मयुरी म्हणाली आणि उठून चेलनाच्या शेजारी जाऊन बसली. लोक एकमेकांकडे बघू लागले.

पण गर्दीत एखादा तरी असतोच. एक लांबचे काका खाकरले. "ते ठीक आहे. पण मग सुनेनं वाफा का उपटला? त्याचा उलगडा नाही झाला."

चेलना पांढरीफटक पडली. दिपमाला उत्तर द्यायला एक पाऊल पुढं आली.

"मी सांगितलं होतं तिला," प्रेमकुंवरबाई म्हणाल्या.

सगळ्या माना वळल्या. त्या बाईनं उभ्या जन्मात खोटं बोललेलं कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळे शंका घ्यायचा प्रश्नच आला नाही.

"मी म्हटलं, बेटा, उपटून टाक. ज्यांच्यासाठी लावली ते गेले." त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "आणि आज सगळ्यांच्या साक्षीनं नेम घेते. लिलोतरीचा मला जावजीव त्याग. जिवात जीव आहे तोवर हिरवं पान तोंडात घालणार नाही."

"नवऱ्यामागे केवढा त्याग," काका भारावून म्हणाले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दिपमालाला एकदम ती फरशीवर गरगरलेली वाटी आठवली. काल खिडकीत कोण उभं होतं ते आता सांगायची गरज उरली नव्हती. चेलनालाही ते कळलं होतं. ती सासूकडे बघत होती.

माणसं पांगली. प्रेमकुंवरबाई मांडीवरच्या संयमला घेऊन उठल्या आणि तो त्यांनी सुनेच्या कडेवर दिला.

"छगन आला होता सकाळी," त्या म्हणाल्या. "सांगत होता, जायच्या आदल्या दिवशी सेठ त्याला शब्द देऊन आले. होळीनंतर माझी सून तुझ्याकडे बसेल म्हणाले. तुला मोकळेपणानं सांगायचं राहून गेलं."

"मांजी, मी कशी..."

"होळीची वाट कशाला बघायची? उद्यापासून जा." त्यांनी चेलनाचं कपाळ तळहातानं पुसलं, जसं ताप बघावा तसं. "आणि ती गोळी न्यायला जो येईल ना बेटा, त्याला आधी विचार, घरी काय जेवता म्हणून."